जुनी आउटबोर्ड मशीन घेताय? रंग बघून पैसे देऊ नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पर्ससीनची मोठी जाळी, एलईडीच्या उजेडातली मासेमारी, परराज्यातले ट्रॉलर यावर तुमच्या पेपरात सारखं छापून येतं आणि ते यायलाच पाहिजे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आमच्यासारखे जे अठरा-वीस फुटी फायबरच्या होडीत दोन-तीन माणसं घेऊन जाळी टाकायला जातात, त्यांचं अख्खं वर्ष ज्या एका वस्तूवर चालतं ती म्हणजे होडीच्या पाठीमागं लटकणारी मशीन, आउटबोर्ड, आणि तिच्याबद्दल दोन ओळी कुठं छापलेल्या मी तरी बघितल्या नाहीत. आता जुलै चालू आहे, 31 तारखेला पावसाळी मासेमारी बंदी संपेल, नारळी पौर्णिमेला नारळ पडला की सगळे दर्यावर, म्हणजे जुन्या मशीनची घेणी-देणी आत्ता जोरात आहेत. रोज मोबाईलवर कोणीतरी फोटो टाकतो, चकचकीत कव्हर, मागं निळा ड्रम, खाली लिहिलेलं "सिंगल हँड, कमी वापर" आणि पोरं लगेच किंमत विचारतात. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं तर कापा, पण कॉम्प्रेशनचं आणि गिअर ऑइलचं तेवढं कापू नका.

मी स्वतः होडीवर जातो आणि पावसात आजूबाजूच्या मशीनची कामं करतो, त्यामुळे विकणारा पण बघितलाय आणि घेणारा पण.

घ्यायला आलेला माणूस पहिलं विचारतो "किती एचपी?" अरे बाबा, आधी होडी बघ. पाण्यात बसून चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो, अठरा फूट असेल तर साडेपाच-सहा नॉटच्या आसपास, त्याच्यापुढं तुम्ही 25 ची मशीन लावा नाहीतर 40 ची, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उचलते, मागचा भाग खाली बसतो आणि पेट्रोल दुप्पट जातं, बस. पाण्यावरून घसरत जाणारी होडी वेगळी, तिला तळ तसा लागतो आणि वजन कमी लागतं, आमच्या होडीत जाळी, बर्फ, मासळी आणि तीन माणसं भरल्यावर ते होत नाही. साध्या होडीला 8 किंवा 9.9 पुरते, खाडीच्या तोंडाला ओहोटीची ओढ जास्त असेल, वारा तोंडावर घ्यावा लागत असेल तर 15 घ्या. त्याच्या वर मिरवायला.

आणि कव्हरवरचा आकडा तर अजिबात धरू नका. यामाहाच्या टू स्ट्रोकमध्ये 9.9 आणि 15 या दोन्हीचं इंजिन 246 सीसीचंच असतं, फरक कार्ब्युरेटर वगैरेचा, बाहेरून बघून कोणाला कळणार? स्टिकर बाजारात मिळतात, दुसऱ्या मशीनचं कव्हर बसतं. होडीच्या फळीला आवळायचा जो ब्रॅकेट असतो त्याच्यावर छोटी नंबरप्लेट असते, मॉडेल आणि सिरीयल नंबर तिथं वाचायचा. प्लेट घासलेली किंवा काढलेली असेल तर तिथनंच मागं फिरा, मग मशीन कितीही गोड चालू दे.

शाफ्टची लांबी लोक विसरतात आणि मग माझ्याकडं येतात. शॉर्ट शाफ्ट 15 इंचाच्या फळीला, लाँग शाफ्ट 20 इंचाच्या. घरातनं निघताना टेप घेऊन आपल्या होडीची मागची फळी वरपासून तळापर्यंत मोजून जायचं. पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर जी आडवी पट्टी असते ती तळाच्या बरोबरीला किंवा इंचभर खाली यायला हवी. शॉर्ट शाफ्टची मशीन उंच फळीला लावली की लाटेवर पंखा हवा खातो, मशीन नुसती बोंबलते आणि होडी जागेवर. उलटं केलं, म्हणजे लाँग शाफ्ट बुटक्या फळीला लावली, तर मशीन पाणी कापत नाही, ओढत बसते. वजनाचं पण बघा, 15 ची टू स्ट्रोक चाळीस किलोच्या आसपास, फोर स्ट्रोक पन्नासच्या वर जाते, आणि रोज संध्याकाळी मशीन काढून खांद्यावर घरी न्यायची असेल तर ते दहा-बारा किलो कोणाच्या खांद्यावर येणार ते आधीच ठरवा.

आता मशीन येतात कुठून. एक, मच्छीमाराचीच, मोठी घेतली म्हणून विकायला काढलेली, यातली बरीच चांगली असतात, खाऱ्या पाण्याने बाहेरून वाईट दिसतात पण आतून ठीक. दोन, वॉटर स्पोर्टवाल्यांची. दिसायला छान, सर्व्हिसिंग पण बऱ्यापैकी होतं, पण सीझनमध्ये दिवसभर फुल रेस, बंद, चालू, परत फुल रेस, आणि रोज वेगळा पोरगा चालवणार. तीन, केरळकडून येणारी. तिथं आउटबोर्ड रॉकेलवर चालवतात, पेट्रोलवर चालू करून मग रॉकेलवर घ्यायची, अशा मशीनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मुळातच कमी ठेवलेलं असतं, तेव्हा रॉकेलची आहे का ते आधी विचारा, कारण आपल्याकडं आता रॉकेल आणणार कुठून. आणि चार, बुडालेली. हे कोणी सांगत नाही. मे 2021 च्या तौक्ते वादळात आपल्या किनाऱ्यावर होड्यांची काय हालत झाली ते सगळ्यांनी बघितलंय, त्यानंतर पण खाडीच्या तोंडावर होड्या पलटतातच. बुडालेली मशीन त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, प्लग काढून, आत तेल सोडून फिरवली तर वाचते. दोन दिवस तशीच पडली तर आतली बेअरिंगं गंजतात, ती चालू होते, महिना-दोन महिने चालते पण, आणि मग एक दिवस मध्येच जाम.

ओळखायचं कसं? कव्हर काढा आणि वरच्या चाकाखाली, म्हणजे फ्लायव्हीलखाली, बॅटरीचा उजेड मारा. कोपऱ्यात बारीक रेती किंवा सुकलेला चिखल दिसला, वायरच्या जोडावर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर समजायचं पाणी आत जाऊन आलंय. तिथं हात पुरत नाही म्हणून साफ करणारे पण ती जागा सोडतात. दुसरं म्हणजे रंग. बोल्टाच्या डोक्यावरून, रबरावरून, वायरवरून सरसकट स्प्रे मारलेला असेल तर काहीतरी झाकलंय. उलट रंग जुना आणि हेडच्या बोल्टाची डोकी पान्याने खाल्लेली असतील तर मशीन उघडलेली आहे, का उघडली ते विचारा, उघडणं वाईट नाही, लपवणं वाईट.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचं. मशीन थंड पाहिजे. फोन करून "येतोय" सांगितलं की विकणारा अर्धा तास आधी चालू करून ठेवतो, तुम्ही पोचलात की एका झटक्यात चालू, "बघितलंत, कशी आसा ती!" आणि आपण खूश. गरम मशीन कोणाचीही चालू होते. जाऊन पहिला हात हेडवर ठेवायचा, कोमट लागली तर म्हणायचं चहा घेऊन येतो आणि तासभर यायचंच नाही. थंड मशीन चोक ओढून तीन-चार झटक्यात चालू झाली, चोक आत ढकलल्यावर मंद गतीला थरथरत का होईना पण टिकली तर ठीक.

आता कॉम्प्रेशन. याला दाब मोजायचा गेज लागतो, दुचाकीच्या गॅरेजमध्ये असतो, विकत घ्यायचा म्हटलं तर हजार-दीड हजारात येतो. मशीनवर लाखाची उडी मारणारा माणूस या हजारासाठी घासाघीस करतो हे मला अजून कळलेलं नाही. दोन्ही प्लग काढायचे, प्लगच्या वायरी इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवायच्या नाहीतर इग्निशनचा सीडीआय, म्हणजे ठिणगी देणारा भाग, उडेल, रेस पूर्ण उघडी ठेवायची, गेज एका भोकात आवळायचा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी जोरात ओढत राहायची. आकडा लिहा. मग दुसऱ्या सिलेंडरला तसंच. एकट्या आकड्याला फार अर्थ नसतो, गेजागणिक पाच-दहा इकडंतिकडं होतात, बघायचं ते दोघांतलं अंतर. एक 110 पीएसआय आणि दुसरा 105 असेल तर डोळे झाकून पुढं जा. एक 115 आणि दुसरा 85, तर विकणाऱ्याने अर्ध्या किमतीत दिली तरी घेऊ नका. दहा टक्क्यांच्या वर फरक म्हणजे त्या सिलेंडरची रिंग गेली, पिस्टन खरवडला किंवा गॅस्केट फुटली. कमी असलेल्यात प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून परत ओढून बघा, आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर दुसरं काहीतरी. बाहेर काढलेले प्लग पण फेकू नका, शेजारी शेजारी ठेवून बघा, दोघांचा रंग एकसारखा चॉकलेटी हवा. एक चॉकलेटी आणि एक स्वच्छ, धुतल्यासारखा असेल तर त्या सिलेंडरमध्ये पाणी जातंय.

गिअर ऑइलला तर फक्त एक स्क्रूड्रायव्हर लागतो, तरी कोणी बघत नाही. खालच्या पायाला दोन स्क्रू असतात, खालचा थोडा सैल करून चार थेंब बोटावर घ्यायचे. काळपट किंवा मधासारखं असेल तर चालेल. दुधाळ, चहात साय मिसळल्यासारखं आलं म्हणजे पाणी शिरलंय. स्क्रूच्या टोकाला बारीक पीठासारखी लोखंडाची भुकटी असते ती चालते, कण किंवा तुकडे नको. आता हे पाणी शिरतं कुठून ते सांगतो, कारण हे खास आपल्याच धंद्यातलं दुखणं आहे. जाळ्याचा तुटलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, पंख्यात जातो, शाफ्टवर गुंडाळत गुंडाळत आत सरकतो, पंखा फिरतच राहतो आणि तो तंगूस गरम होऊन आतलं ऑइल सील कापतो. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून विकणाऱ्यासमोर पंख्याची पिन काढून पंखा बाहेर ओढायचा. मी अशा जागेवरनं मूठभर तंगूस काढलेला आहे, काळा, वितळून दगडासारखा झालेला, आणि मालक शपथेवर सांगत होता की मशीन फक्त खाडीत फिरायला वापरली. सील बदलणं स्वस्त आहे, पण पाण्यासकट सीझनभर चालवलेले गिअर स्वस्त नाहीत. पंखा काढलाच आहे तर न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने फिरवून बघा, डुलत असेल तर कुठंतरी खडकाला बसलाय.

थंडावा देणाऱ्या पाण्याची जी धार मागून पडते (पोरं तिला काय म्हणतात ते पेपरात छापता येणार नाही) ती जोरात आणि सलग हवी. कमी असेल तर कदाचित भोकात मीठ बसलंय, तार घालून बघा, नाहीतर पंपातला रबरी इंपेलर गेलाय. तो तसाही घेतल्या घेतल्या बदलायचाच, बारीक खर्च आहे. फक्त कोणालाही मशीन कोरडी चालवून दाखवू देऊ नका, "दोनच मिनिटं" म्हणतात, तेवढ्यात रबर जळतं.

पाण्याच्या ड्रममध्ये चालवून समाधान मानणारे फसतात. ड्रममध्ये मशीनवर भारच नसतो. आपल्या होडीला लावून, दोन माणसं आणि जाळ्याचं ओझं घेऊन अर्धा तास बाहेर मारून यायचं, पेट्रोल आपलं घालू पण हे करायचंच. फुल रेसला आवाज चढला पण होडीने वेग धरला नाही तर पंख्यातलं रबरी बुश घसरतंय. पुढचा गिअर टाकल्यावर कटकट करून सुटत असेल तर गिअरचा दात गेलाय. आणि चांगली गरम झाल्यावर पाण्यातच बंद करून पाच मिनिटं थांबा, मग परत चालू करा. थंड असताना गुणी आणि गरम झाल्यावर रुसणाऱ्या मशीनचं दुखणं बहुतेक वेळा कॉइल किंवा सीडीआयमध्ये असतं, आणि ते नेमकं पाच मैलावर, जाळी ओढून झाल्यावर उठतं. विकणारा म्हणाला "पाण्यात कित्याक नेवक व्हयी, हयच बघा ना", तर त्याला सांगायचं बाबा आम्ही ती घराच्या अंगणात चालवायला नेत नाही.

टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक यावर आमच्याकडं भांडणं होतात. फोर स्ट्रोक पेट्रोल कमी खाते, धूर नाही, तेल मिसळायची कटकट नाही, नवीन घेणाऱ्याने तीच घ्यावी. पण जुनी घेताना माझं मत टू स्ट्रोकच्या बाजूने आहे, पार्ट कमी, उघडायला सोपी, बिघडली तर गावात होते. फोर स्ट्रोक जुनी घ्यायची तर आधीच्या मालकाने वेळेवर ऑइल बदललं का हे त्याच्या तोंडावर सोडून दुसरीकडं कुठं लिहिलेलं नसतं, आणि तिथंच सगळं अडतं. मशीन कुठल्या कंपनीची घ्यायची हे मला विचाराल तर मी उलट विचारतो, तिचा इंपेलर आणि सीडीआय एका दिवसात कुठं मिळतो? मालवण, रत्नागिरी नाहीतर गोव्यात मिळत असेल तर घ्या. पार्ट मुंबईवरनं यायला आठवडा लागणार असेल तर ऐन बांगड्याच्या दिवसात होडी आठवडाभर वाळूत, मग मशीन पाच हजाराने स्वस्त मिळाली त्याचं काय करायचं?

पेट्रोलचं एक सांगतो. आता पंपावर ई20 मिळतं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, दर्याच्या काठावर तर काय विचारता. जुन्या मशीनचे पाइप आणि कार्ब्युरेटरचे रबर यासाठी बनवलेले नाहीत, ते फुगतात, मऊ पडतात आणि त्याचा कचरा जेटमध्ये बसतो. तेव्हा जुनी मशीन घेतली की टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा पाइप आणि हाताने दाबायचा फुगा नवीन टाका, टाकीत महिना महिना पेट्रोल ठेवू नका. टू स्ट्रोकला ऑइल पन्नासाला एक, म्हणजे 10 लिटर पेट्रोलला 200 मिली, आणि तेही आउटबोर्डचं, ज्याच्यावर टीसीडब्ल्यू-3 लिहिलेलं असतं ते. मोटरसायकलचं टूटी तेल हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, आउटबोर्डमध्ये ते कार्बन धरतं आणि रिंगा चिकटवतं. विकणाऱ्याच्या घरी कोपऱ्यात कुठल्या तेलाचे रिकामे डबे पडलेत ते हळूच बघून घ्या, तोंडाने कोणी खरं सांगत नाही.

कागद. जुन्या मशीनचं मूळ बिल बहुतेकांकडं नसतं, ठीक आहे, पण स्टँप पेपरवर सिरीयल नंबर घालून विकल्याचं लिहून घ्या, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स घ्या, आणि होडीच्या परवान्यावर इंजिनाची नोंद असेल तर मत्स्य खात्याच्या कार्यालयात जाऊन ती बदलून घ्या. आउटबोर्ड चोरीला जातात, दोन स्क्रू सोडले की खांद्यावर निघते. चोरीची तुमच्या होडीवर सापडली तर पोलीस आधी तुम्हालाच विचारणार.

आता संपादक साहेब, ज्यासाठी पत्र लिहिलं ते. हे सगळं तपासायला लागतं काय? एक गेज, एक ड्रम, एक स्क्रूड्रायव्हर, एक पाना आणि एक तास. हे प्रत्येक मच्छीमार सहकारी सोसायटीत असायला काय हरकत आहे? डिझेलच्या परताव्याची कामं सोसायटी करते, जाळी-दोरी ठेवते, मग जुलै महिन्यात आठवड्यातला एक दिवस ठरवून कोणीही विकणारा-घेणारा मशीन घेऊन येईल, दोन्ही सिलेंडरचे आकडे आणि गिअर ऑइलचा रंग एका कागदावर लिहून सही-शिक्क्याने मिळेल, शंभर-दोनशे रुपये फी घ्या पाहिजे तर. चांगली मशीन असणाऱ्याला पण याचा फायदाच आहे, त्याला आज रंगवलेल्या मशीनच्या भावात विकावी लागते. याने आमच्यासारख्या मेकॅनिकांचं नुकसान होईल असं काही जण म्हणतील, होऊ दे थोडं.

मत्स्य खात्याला पण विनंती आहे. खात्याच्या प्रशिक्षण केंद्रांत सहा महिन्यांचा कोर्स असतो, त्याच्या नावातच सागरी डिझेल इंजिन आहे. छान आहे, ट्रॉलरवर जाणाऱ्या पोरांना तो लागतोच. पण आउटबोर्डवाल्या पोरांसाठी मे महिन्याच्या शेवटी आठ दिवसांचा वेगळा वर्ग का नको, जिथं प्रत्येकाने स्वतःच्या हाताने इंपेलर बदलला, गेज लावला, कार्ब्युरेटर उघडून परत बसवला? प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमाराला होडी आणि जाळ्यासाठी 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीला 60 टक्के अनुदान आहे, ते नवीन वस्तूला, आणि उरलेले पैसे ज्याच्याकडं नाहीत तो जुन्या बाजारातच जाणार. एप्रिल 2025 मध्ये राज्य सरकारने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. शेतकऱ्याला माती तपासून मिळते, मग आम्हाला मशीन तपासून मिळायला हवी की नको?

आमच्या तालुक्यातल्या कुठल्या सोसायटीने यंदा हे सुरू करायचं ठरवलं तर गेज आणि कापलेला ड्रम माझ्याकडचा न्या, पहिले दोन रविवार मी स्वतः येऊन बसतो. फक्त मशीन थंड आणा.

आपला,
एक होडीवाला,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग